भाऊबीजेच्या पैशांचे काय करायचे

सुमन,

तुझ्याविषयी चार शब्द लिही, असे नातलगांनी मला सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात जे होते ते माझ्या हातून लिहून होणार नाही. तुझे लग्न कधी झाले, यजमानांच्या मागे तू एकटी कशी राहिलीस, नोकरी किती वर्षे केलीस, हे ज्यांना माहीत असायला हवे त्यांना ते माहीत आहे. मला तुझ्याशी एकाच विषयावर बोलायचे आहे. दरवर्षी दिवाळीला तुला मिळणाऱ्या पैशांचे काय करायचे, हा तो विषय. २०१४ पासून आपण त्यावर वाद घातला. ह्या वर्षी तू निर्णय माझ्यावर सोपवलास आणि वाद न घालताच निघून गेलीस. बाकीचे सगळे मी समजून घेऊ शकतो. हे मला अजून समजून घेता आलेले नाही.

वाचणाऱ्या तिसऱ्या माणसासाठी एक गोष्ट आधी स्पष्ट करतो, कारण काही गृहीत धरून पुढे जाण्याची मला सवय नाही. तू झरीजवळच्या एका पाड्यावर अंगणवाडी सेविका होतीस. अंगणवाडी सेविकेला पगार नसतो, मानधन असते. आणि दिवाळीला तिला जो बोनस मिळतो त्याला सरकारी भाषेत ‘भाऊबीज भेट’ म्हणतात. ती रक्कम तुझ्या एका महिन्याच्या मानधनाच्या निम्म्यालाही पोहोचत नसे. ते नाव प्रथम ऐकले तेव्हा मला थोडा रागच आला होता. तू मात्र खूश होतीस.

“दादा, आता मला दोन भाऊ झाले,” तू म्हणालीस. “एक मुंबईला मंत्रालयात बसतो, एक डहाणूला. दोघेही वर्षातून एकदा पैसे देतात आणि वर्षभर सूचना देतात.”

भाऊबीजेला मी सकाळच्या एस.टी.ने डहाणूहून तलासरीला येत असे आणि तिथून जीपने झरीला. तू ओवाळायचीस. मी ताटात नारळ आणि एक नोट ठेवायचो. त्या नोटेची किंमत तू ठरवून दिली होतीस आणि ती वाढवण्याची मला परवानगी नव्हती. निवृत्तिवेतन मिळू लागल्यावर एकदा मी दोन नोटा ठेवल्या, तर एक परत आली.

“का ग? भावाचे पैसे चालत नाहीत?”

“चालतात. पण जास्त पैसे घेतले की सल्लाही ऐकावा लागतो. एका नोटेत मी सुटते.”

मग वालाची उसळ, तांदळाचे वडे आणि जेवणानंतर पडवीत बसून आपला वाद. मी कैनाडच्या शाळेत सारी नोकरी गणित शिकवण्यात घालवली; वस्तू समोर ठेवल्याखेरीज मला कोणाला काही समजावता येत नाही. त्यामुळे तुझ्या अंगणवाडीतला चिंचोक्यांचा डबा मी मागून घेई. दहा चिंचोके म्हणजे पूर्ण बोनस. त्यांचे तीन ढीग: फेड, बचत, खर्च. त्या पहिल्या वर्षी तुझ्यावर बचत गटाचे कर्ज होते. घरावर नवे पत्रे घालण्यासाठी तू ते काढले होतेस. मी सात चिंचोके फेडीत ठेवले, दोन बचतीत आणि एक खर्चात.

“नियम असा आहे,” मी सांगितले. “पोस्टात ठेवलेल्या पैशांवर मिळणारे व्याज, कर्जावर द्याव्या लागणाऱ्या व्याजापेक्षा कमी असते. म्हणून कर्ज डोक्यावर असताना बचत करणे म्हणजे एका खिशाला गळती लागलेली असताना दुसऱ्या खिशात चाराणे टाकणे. आधी फेड. मग बचत. उरले तर खर्च.”

तू नीट ऐकून घेतलेस. माझे बोलणे तू नेहमीच नीट ऐकायचीस, आणि त्याचाच मला फार त्रास व्हायचा. कारण त्यानंतर तू काय करणार हे त्यावरून कळत नसे. तू खर्चातला तो एकटा चिंचोका उचललास.

“हा बिचारा एकटा पडला आहे,” म्हणालीस. “दादा, गटाचे व्याज जाते कुठे? आमच्या गटातच ना? वर्षाअखेरीला आम्हीच वाटून घेतो.”

“वाटणी सगळ्यांना सारखी मिळते. व्याज तू एकटी भरतेस.”

“मग काय बिघडले?”

ह्या प्रश्नाला मी एस.टी. सुटेपर्यंत उत्तर देत होतो. त्या वर्षी तू माझे ऐकलेस, आणि पुढच्या वर्षीही. परंतु तू पटले म्हणून ऐकलेस, की मला परत जाताना बरे वाटावे म्हणून, हे मला कधी कळले नाही. विचारायचे राहून गेले.

तुला झोपाळा हवा होता, हे मला दुसऱ्या वर्षी कळले. तलासरीला ज्या बाईंकडे तू बैठकीच्या दिवशी मुक्कामाला राहायचीस, त्यांच्या पडवीत पितळी कड्यांचा मोठा झोपाळा होता. पलीकडे गुजरात लागतो. तिकडच्या घरांची ती रीत आपल्याकडेही बऱ्याच ठिकाणी आहे. तू म्हणालीस, “दिवसभर मी पोरांना झोके देते. मला कोण देणार?” पन्नाशी उलटलेल्या बाईने असे म्हणावे, ह्याचे मला हसू आले. नंतर मी विचार केला की ही इच्छा एका वर्षाच्या भेटीत बसत नाही, दोन वर्षांच्यात बसते. म्हणजे हे बचतीचे उत्तम उदाहरण आहे. २०१६ च्या भाऊबीजेला मी स्वतःच सहा चिंचोके बचतीच्या ढिगात ढकलले आणि सांगितले, “थोडे फेड, उरलेले जपून ठेव. सुटे ठेवू नकोस, सुटे खर्च होतात. पाचशेच्या नोटा करून ठेव.”

तू पाचशेच्या नोटा केल्यास. आठवड्याभरात त्या नोटा रद्द झाल्याची घोषणा झाली.

तलासरीच्या बँकेसमोरच्या रांगेत मी तुला भेटायला आलो, तेव्हा तू जमनाबाईंबरोबर एका टपरीच्या सावलीत बसली होतीस. जमनाबाई म्हणजे तुझ्या अंगणवाडीतील मदतनीस आणि तुमच्या गटाच्या अध्यक्ष. माझ्याकडे बोट करून तू त्यांना म्हणालीस, “हे बघ जमनाबाय, सरकारला कळले की माझ्या दादाने मला बचत करायला सांगितली. लगेच नोटाच बंद केल्या.” जमनाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. “मास्तर, आमाला तं काय सल्ला नका देऊ बरं का,” त्या म्हणाल्या. रांगेतली माणसेही हसली. मला राग यायला हवा होता. त्या दिवशी मी तुमच्याजवळ संध्याकाळपर्यंत उभा राहिलो आणि परत जाताना माझ्या लक्षात आले की निवृत्त झाल्यापासून इतक्या माणसांत इतका वेळ मी थांबलोच नव्हतो.

पुढच्या वर्षी तू चिंचोक्यांचा डबा काढू दिला नाहीस. मार्गशीर्षात निरोप आला, “येऊन जा.” आलो तर उंबरगावचा सुतार पडवीच्या तुळईला कड्या ठोकत होता. सागाची नव्हे, साध्या लाकडाची फळी. पितळेच्या नव्हे, लोखंडी साखळ्या. तरी तो झोपाळाच होता. मी पहिला प्रश्न विचारला तो असा: “पत्र्यांचे हप्ते संपले?”

“थोडे राहिलेत.”

“कर्ज असताना झोपाळा?”

“कर्ज असताना जेवतेच ना मी.”

“जेवण गरज आहे, सुमन. ही चैन आहे. दोन्हींत फरक आहे आणि तो फरक तू मुलांना शिकवतेस.”

सुतार आपल्याकडे पाहत होता. त्याला वाटले असेल, भावाला मान मिळाला नाही म्हणून तो चिडला आहे. साखळी ओढून पाहत तो म्हणाला, “बेन, पहेलां भाईने बेसाडो.” तू फळी पदराने पुसलीस आणि मला म्हणालीस, “बस. आधी भावाला बसवा, सांगतोय तो.”

मी बसलो नाही. कर्ज फिटल्यावर बसेन, असे सांगितले. “तोवर गुडघे शाबूत राहतात का बघ,” म्हणालीस, आणि स्वतः बसलीस. पाय जमिनीला टेकवून तू एक झोका घेतलास. मग आणखी एक. माझ्याकडे न पाहता बराच वेळ तू झोके घेत राहिलीस. मी तिथे उभा होतो हे तू विसरली होतीस. कोणी आपल्याला इतके आनंदाने विसरावे, असे माझ्या आयुष्यात फार वेळा झाले नाही. मी तसे बोलायला हवे होते असे नाही. पण बोललो असतो तर तुला आवडले असते.

कर्ज पुढच्या उन्हाळ्यात फिटले. २०१८ च्या भाऊबीजेला तू मला आठवण करून दिलीस. मी म्हणालो, जेवून बसतो. जेवणानंतर आपण पुन्हा चिंचोक्यांत शिरलो. कर्ज नव्हते, झोपाळा झाला होता. तीन ढिगांतले दोन मोकळे होते, म्हणून सगळे दहा चिंचोके बचतीत गेले. एवढा सोपा निकाल आपल्या वादात कधी लागला नव्हता. तेवढ्यात जीपवाल्याने हॉर्न दिला आणि मी निघालो.

नंतर थोड्याच दिवसांनी जमीन हलू लागली.

गणिताशिवाय भूगोलही माझ्याकडे असे; भूकंपाचा धडा मी मुलांना कित्येक वर्षे शिकवला होता. पृथ्वीचे कवच, त्यातील हालचाल, धक्के, सगळे फळ्यावर आकृती काढून. त्या धड्यात एक गोष्ट नव्हती: धक्का बसून गेल्यानंतर माणूस पुढच्या धक्क्याची वाट पाहत बसतो, हे त्यात लिहिलेले नव्हते. तलासरी आणि डहाणूच्या गावांत तो हिवाळा माणसांनी घराबाहेर काढला. तुझ्या मागच्या भिंतीला आडवी भेग गेली. झोपाळा आधी काढून ठेवावा लागला, कारण तुळईवर भार नको असे सगळे म्हणत होते. दिवाळीचे पैसे पोस्टातून काढून तू ताडपत्री आणि बांबू आणलेस. मी आलो तेव्हा अंगणात मांडव उभा होता आणि त्यात तुझी चूल, तुझी ट्रंक आणि शेजारची दोन कुटुंबे होती.

“बचत अशा वेळी उपयोगी पडते,” मी म्हणालो. म्हणायला नको होते. पण खरे होते.

“म्हणजे तू जिंकलास,” तू म्हणालीस. “आता आत ये, चहा घे. आत म्हणजे बाहेर.”

मी तुला डहाणूला चल म्हणालो. माझे घर पक्के होते आणि त्यात मी एकटा होतो. तू म्हणालीस, “पोरांना घरात जायची भीती वाटते. अंगणवाडीही मांडवातच भरते. मी नसले तर ती कोण भरवणार?” कारण योग्य होते. मी पुन्हा आग्रह केला नाही. तू आली असतीस तर आपण रोज भांडलो असतो. ह्या एका वाक्यात मला हवे असलेले किती काही आले, ते तुला सांगायला नको.

भिंत पाडून नवी बांधायची तर पैसे हवे होते. मी देतो म्हणालो. तू एका नोटेचा नियम दाखवलास आणि गटाकडून पुन्हा कर्ज काढलेस. त्याचे हप्ते निम्म्यावर आले होते, तेव्हा पावसाच्या अखेरीला तुला ताप आला. तो ताप आणि दवाखान्यातले दिवस मी इथे लिहिणार नाही. फक्त एक दुपार लिहितो. भाऊबीज भेट ह्या वर्षी लवकर जमा झाली होती आणि आजारी पडण्याआधी तू ती काढून आणली होतीस. पिशवीतून घडी केलेल्या नोटा काढून तू माझ्या हातावर ठेवल्यास.

“ह्या वर्षी तू ठरव.”

“बरी हो. मग बसू डबा घेऊन.”

“नको. मला मोजायचा कंटाळा आला. तूच ठरव, दादा.”

मी नोटा खिशात ठेवल्या. तुझी समजूत घालण्यासाठी ठेवल्या. निर्णय घेण्यासाठी नव्हे.

तेराव्याला जमनाबाई आणि गटातल्या बायका आल्या. त्यांनी सांगितले, सुमनबायचे उरलेले कर्ज आम्ही आपसांत वाटून घेणार आहोत, गटात असेच करतात. डहाणूच्या घरात, माझ्या जेवणाच्या टेबलावर, तुझे पैसे समोर ठेवून मी रोज बसत होतो. आयुष्यभर मी लोकांना हा प्रश्न सोडवून दाखवला, आणि तो प्रथमच माझ्यापुढे पूर्ण स्वरूपात आला. फेड करावी, तर जिची सुटका करायची ती ह्यातून आधीच सुटली आहे. बचत करावी, तर ती कोणत्या दिवसासाठी? खर्च करावा, तर कोणाच्या आवडीचा? मला तेव्हा कळले की माझ्या तीन ढिगांना एक चौथी गोष्ट लागत होती आणि ती मी कधी मांडली नव्हती. उद्या उठणारे एक माणूस लागते. ते असेल तर तिन्ही उत्तरे बरोबर असू शकतात. ते नसेल तर चिंचोके नुसते चिंचोके.

त्या बसण्यात मी एका निर्णयावर आलो, आणि तो निर्णय माझा नव्हता, तुझा होता. झोपाळा पुन्हा टांगायचा. तुळईला नव्हे; अंगणात लोखंडी पाइपांची चौकट रोवून, म्हणजे जमीन हलली तरी घराला धोका नाही. पैसे कमी पडतील ते मी घालणार होतो. एका नोटेचा नियम आता कोण दाखवणार होते? पाड्यातल्या बायकांना, मुलांना बसता येईल. कर्ज असताना झोपाळा. मनाशी हे ठरले तेव्हा मला वाटले, इतक्या वर्षांनी मी तुझे ऐकतो आहे. मला बरेही वाटले.

भाऊबीजेच्या दिवशी नेहमीच्या एस.टी.ने निघालो. दुसरीकडे जायला मला जागा नव्हती. एस.टी.त नवे शर्ट घातलेले भाऊ मिठाईचे खोके मांडीवर घेऊन बसले होते. झरीला पोहोचलो तर तुझ्या घराचे कुलूप जमनाबाईंनी काढून ठेवले होते. नवी भिंत कोरडी झाली होती. झोपाळ्याची फळी पडवीत जमिनीवर ठेवलेली होती, साखळ्या बाजूला गुंडाळून. उभे राहून गुडघे दुखू लागले म्हणून मी तिच्यावर बसलो.

मी जमनाबाईंना चौकटीचा बेत सांगितला. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “मास्तर, तुमी कर्ज भरायला नाय आलात?”

“तुम्ही वाटून घेणार होता ना?”

“घेतलंच असतं. पण मग मीच बायकांना सांगितलं, थांबा. तापात असताना सुमनबाय मला बोलली होती. माझे पैसे मी दादाकडं देणार हाये, तो कर्ज भरायला येईल, त्याला भरू द्या. तुमी भरलंत तं त्याला झोप नाय लागायची.” त्या थोड्या हसल्या. “आणि बोलली, तो आधी व्याजाचा हिशोब सांगेल, तो पण ऐकून घ्या.”

तू माझे उत्तर ओळखून पैसे माझ्या हाती दिले होतेस. मी तुझे उत्तर घेऊन आलो होतो. आपण दोघे ह्या वर्षी एकमेकांच्या बाजूला जाऊन उभे राहिलो, आणि हे पाहायला दोघांपैकी एकच उरला.

ह्याचा अर्थ माझे म्हणणे तुला शेवटी पटले, असा मी काढत नाही. तू मला ओळखत होतीस, एवढाच काढतो. माझ्यासाठी तेच जास्त आहे. मी नोटा जमनाबाईंच्या हातात दिल्या, उरलेले माझे घातले, आणि व्याजाचा हिशोबही सांगितला. गटातल्या बायका ओळीने बसून तो गंभीरपणे ऐकत होत्या. एकीला हसू आवरेना तेव्हा दुसरीने तिला कोपर मारले. हिशोब संपल्यावर जमनाबाई म्हणाल्या, “हे पैसे आता गटातल्या सविताला देणार. तिची भिंत राहिलीय.” तुझ्या कर्जाची अखेर म्हणजे कोणाची तरी भिंत, हेच तू मला ‘व्याज जाते कुठे’ म्हणून पहिल्याच वर्षी विचारले होतेस आणि मी एस.टी. सुटेपर्यंत त्याचे उत्तर देत बसलो होतो. चौकटीचे जमनाबाईंनी आपणहून सांगितले: पाइप पुढच्या वर्षी बघू. मी हो म्हणालो. पुढच्या वर्षी इथे यायला मला एक काम मिळाले.

परतीच्या जीपमध्ये मी चालकाशेजारी बसलो. गेली काही वर्षे ह्या दिवशी तोच मला सोडत आला आहे. तुझी बातमी त्याच्यापर्यंत पोहोचली नव्हती. गाडी वळवता वळवता त्याने विचारले, “काय मास्तर, बहिणीकडून?”

“हो.”

“काय दिलंत मग ओवाळणीत?”

“ह्या वर्षी तिनेच दिले.”

तो मोठ्याने हसला. “भारी आहे हो बहीण तुमची!”

“आहे,” मी म्हणालो, आणि तलासरी येईपर्यंत आम्ही तुझ्याविषयी बोलत राहिलो.